चरणम् बाकी होतं

मामींनी मांडीवरचा हात उचलला आणि सुलक्षणा ओळीच्या मध्येच थांबली.

"न्हाई," मामी म्हणाल्या. "परत. अनुपल्लवीपासून."

सुलक्षणाने पाण्याचा घोट घेतला. कृतीचे, म्हणजे त्या कर्नाटकी गाण्याचे, भाग तीन. पहिला, पल्लवी, येऊन वर्ष झालं होतं. दुसरा, अनुपल्लवी, दिवाळीपासून चालू होता. तिसरा भाग, चरणम्, जिथं गाणं खरं उघडतं, तो मामींनी अजून दिलाच नव्हता. आणि रविवारी रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये दौंडमधली दक्षिणेकडची सगळी घरं जमणार होती. दरवर्षी जमत, प्रत्येक जण काहीतरी गाई. यंदा सुलक्षणाचं नाव खुद्द मामींनीच लावलं होतं. आख्खी कृती, एकटीने.

विशालाक्षी मामी म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेल्या गार्डसाहेबांच्या पत्नी. कुंभकोणमहून लग्न होऊन दौंडला आल्या आणि मराठी इथल्या मंडईत शिकल्या. त्यामुळे त्यांच्या तोंडी 'हाय' आणि 'न्हाई' असायचं, आणि त्यांच्यापुढे सुलक्षणा मात्र जपून, शाळेतल्या बाईंसारखी बोलायची. दाराबाहेरून कुणी ऐकलं असतं तर केडगावची सुलक्षणा कुठली आणि कुंभकोणमच्या मामी कुठल्या, हे त्याला सांगता आलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी सुलक्षणा या घरात आली ती मुलीचा हात धरून, तिला गाण्याला घालायला. प्रांजल दोन महिन्यांत कंटाळली. आई राहिली.

अनुपल्लवी पुन्हा सुरू झाली. सुलक्षणाचा उजवा हात मांडीवर ताल मोजत होता. थाप, मग करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मधलं बोट, पुन्हा थाप. वरच्या स्वरावर आवाज टेकला, हलला नाही, आणि सावकाश खाली आला. चूक झाली नव्हती. हे तिला कळलं. मामींनाही कळलं असणार, कारण त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"आज इथंच थांबू," त्या म्हणाल्या.

"मामी, चरणम्?"

"हे बसलं न्हाई अजून."

सुलक्षणाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. गेल्या मंगळवारी हेच उत्तर होतं, त्याच्या आधीच्या मंगळवारीही. आपला गळाच त्या लायकीचा नसेल, असं तिला केडगावच्या शटल गाडीतून घरी जाताना हल्ली वाटायला लागलं होतं. घरी सासूबाई, सगुणाबाई, वाटच बघत असायच्या.

"दिली का गं तुझ्या मामीनं पुढची वळ?"

"नाही अजून."

"कुठली त्येलगू का काय ती भाषा. आपल्या भाषेत हाक मारली तर देव वळून बघत न्हाई व्हय? आन् ती मामी तर तमीळ. तिला तरी कळतंय का त्यातलं?"

"त्यांना सूर कळतो, आत्याबाई."

"मंग आमच्या म्हशीलाबी कळतोय. तू गोठ्यात गायला लागलीस की दूध चोरती."

गोठ्यात ती काय गात होती, हे मात्र सासूबाईंना ठाऊक नव्हतं.

गुरूने दिल्याशिवाय पुढचं तोंडात घ्यायचं नाही, हे मामींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सुलक्षणाला ते नवं वाटलं नव्हतं. तिचे सासरे, आण्णा, बिरदेवाच्या धनगरी ओव्या गायचे, तिथंही हाच कायदा होता. थोरल्याने दिली तरच ओवी आपली. म्हणून तर आता मामींपुढे तिने बोटाचा पदर सोडला आणि पुन्हा घट्ट गुंडाळला.

"मामी, मी ते शिकले," ती म्हणाली.

"काय?"

"चरणम्. प्रांजलने मोबाईलवर शोधून दिलं. रविवार जवळ आला, म्हणून..." तिने हात जोडले. "रागवा. पण आधी ऐका."

मामींनी खिडकीकडची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "म्हण."

सुलक्षणाने डोळे मिटले आणि पहिली ओळ घेतली. गोठ्यात ती इतकी मोठी वाटली नव्हती. इथं भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींपर्यंत जाऊन ती परत आली. दुसरी ओळ. मामींचा ताल ऐकू येत नव्हता, तेव्हा तिने भीतभीत डोळे उघडले.

मामींचा हात मांडीवर पालथा पडला होता. ओठ मात्र हलत होते. शब्दांबरोबर नाही, शब्दांच्या किंचित मागून, ऐकलेलं निसटू नये म्हणून शिकणारा माणूस हलवतो तसे.

सुलक्षणा थांबली नाही. शेवटपर्यंत गायली. 

"माझं लग्न ठरलं तवा अनुपल्लवी झाली होती," मामी म्हणाल्या. "कुंभकोणमचे माझे गाण्याचे सर म्हणाले, जाऊन ये. माहेरपणाला येशील तवा पुढचं देतो."

"मग?"

"मग दौंड." मामींनी चष्मा काढून पदराला पुसला. "पहिल्या बाळंतपणाला गेले, तवा सर न्हाई राहिले."

"पण इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाकडून..."

"त्यांनी दिलं नव्हतं ना. रेडिओवर ही कृती लागायची. अनुपल्लवी संपत आली की मी रेडिओ बंद करून भांडी घासायला बसायची. साहेब म्हणायचे, काय बाई हाय, एवढं चांगलं गाणं चाललंय!"

मामींना हसू आलं तसं ते गेलंही.

"तुझं नाव लावलं तवा वाटलं, रविवारपर्यंत मला धीर येईल. कुणाकडून तरी घेईन, मग तुला देईन. न्हाई आला धीर. आन् मी उगाच तुझ्या गळ्याला नावं ठेवत बसले. तुझी अनुपल्लवी कवाच बसलीय."

सुलक्षणाने मान खाली घातली. इतके मंगळवार ती ज्या एका वाक्यासाठी येत होती ते असं, दुसऱ्याच कशाच्या तरी शेपटाला बांधून आलं होतं.

"मामी," ती म्हणाली, "मी एकेक ओळ म्हणते. तुम्ही मागून म्हणाल?"

मामी उठल्या. आत निघाल्या, असंच सुलक्षणाला वाटलं. पण गुडघे दुखायला लागल्यापासून त्या ज्या खुर्चीत बसून शिकवत, ती त्यांनी मागे सारली, एक हात भिंतीला लावला आणि सावकाश, कण्हत, सतरंजीवर तिच्यासमोर येऊन बसल्या. पदर सारखा केला. उजवा हात मांडीवर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या.

सुलक्षणाने ओळ म्हटली आणि जागा सोडली. त्या जागेत मामींचा आवाज आला, थोडा घोगरा, पण काठ न सोडणारा. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत मात्र गाणं वळणावर गेलं आणि मामींचं बोट शब्दाच्या आधीच खाली पडलं.

"माझाच दम तुटला," सुलक्षणा घाईने म्हणाली. "परत घेऊ."

"खोटं बोलू नको. कुठं चुकले?"

गुरूच्या हाताला असा हात लावावा की नाही, ते तिला माहीत नव्हतं. तिने क्षणभर वाट पाहिली. मग पुढे वाकून मामींचं करंगळीशेजारचं बोट चिमटीत धरलं, शब्द येईपर्यंत वर उचलून ठेवलं, आणि आला तेव्हा हलकेच मांडीवर टेकवलं.