तिसऱ्या गाण्यातली बाटली

मी बोलतेय. मध्येमध्ये खरखर येईल, तिकडे लक्ष देऊ नका. या वयात ती जायची नाही. मी एक रेकॉर्ड आहे. काळी, मधोमध भोक असलेली तबकडी. फार दमलेय हो. आयुष्यभर गोल गोल फिरले आणि पोचले कुठंच नाही. वेळ असेल तर बसा, नसेल तर जा. कुणाला आग्रह करायची हौस आता उरलेली नाही.

माझ्या अंगावर फंक आणि सोल या प्रकारातली गाणी आहेत. नावांना घाबरू नका. फंक सुरू झालं की पाय मालकाचं ऐकत नाहीत, आणि सोल म्हणजे बाई पोटातून गाते आणि ऐकणाऱ्याचा घसा दाटून येतो, एवढंच. ज्याला कळलं त्याला कळलं. ज्याला नाही कळलं तो म्हणायचा, "काय कावकाव लावलीय, बंद करा ते!"

मला जन्माला घालणारी मंडळी काही मोठी नव्हती. गाणारी दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची. ड्रमवाला बँकेत, गिटारवाला गॅरेजमध्ये गाड्यांच्या खाली, ट्रंपेटवाला शाळेत कवायत शिकवायला. संध्याकाळी सगळे एका हॉटेलच्या हॉलमध्ये जमून वाजवायचे. त्यांच्याबरोबर गाणारीचा धाकटा भाऊ असायचा. त्याला एकही वाद्य धड येत नव्हतं. खोकी उचल, वायरी गुंडाळ, चहा आण, अशी कामं तो हसत करायचा, म्हणून सगळे त्याला 'हमाल' म्हणायचे. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, बायकोला दिवस गेले होते, आणि स्वारी कायम खुशीत.

माझं रेकॉर्डिंग झालं ती खोली म्हणजे भिंतींना गाद्या बांधलेली एक कोंदट जागा. तिसऱ्या गाण्याला ड्रमवाला अडला. म्हणाला, "इथं काहीतरी टिणकन वाजायला हवं, नाहीतर गाणं बसतंय खाली." हमाल कोपऱ्यात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घेऊन बसला होता. "ए हमाल, वाजव ती बाटली!" त्यानं खिशातली घराची किल्ली काढली आणि बाटलीवर मारायला लागला. पण दर वेळी किंचित मागे. ठोका पडून जायचा आणि मग याचं टिण.

यंत्रावर बसलेला माणूस वैतागला. "हा मागे पडतोय. काढा याला बाहेर."

गाणारी कानावरचे हेडफोन उतरवून म्हणाली, "तो आहे तसा राहील. नाहीतर तुम्ही गा, मी यंत्र सांभाळते."

सगळे हसले, आणि तो राहिला. खरं सांगू? त्या मागे पडण्यातच सगळी गंमत होती. त्या टिणसाठी थांबावं लागायचं, आणि थांबल्यावर कंबर आपोआप हलायची. पण बाटली काय वाद्य आहे का, असं म्हणून कव्हरवर त्याचं नाव मात्र कुणी छापलं नाही.

आम्ही बहिणी, म्हणजे एकाच साच्यातल्या प्रती, थोड्याच निघालो आणि त्याहून थोड्या खपल्या. उरलेल्यांना कंपनीनं वितळवलं आणि त्याच मालावर दुसऱ्यांची गाणी छापली. मूळ टेपही पुसून पुन्हा वापरली. टेप महाग होती, गाणाऱ्यांना कोण विचारतो! त्याच सुमारास बँडचं सामान घेऊन जाणारी गाडी घाटात उलटली. आत हमाल होता. त्याची मुलगी तेव्हा रांगतही नव्हती. बँड मोडला आणि गाणारी पुन्हा कधी गायली नाही. तिची स्वतःची प्रत कुणीतरी ऐकायला म्हणून नेली होती, ती परत आली नाही. लोकांची ही सवय मला कधी कळली नाही. उसनी साखर परत करतील, रेकॉर्ड करणार नाहीत.

म्हणजे बघा, हमालाचा या जगातला आवाज उरला तो माझ्या तिसऱ्या गाण्यात. आणि मी कुठं होते? एका शिंप्याच्या दुकानात.

शिंपी माणूस चांगला. दिवसभर मला लावायचा आणि माझ्या तालावर मशीन चालवायचा. फंकवर शिवलेल्या पँटी सैल व्हायच्या अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती, ती वेगळी गोष्ट. एकदा मी वाजत असताना त्याच्या सुनेच्या हातून कात्री निसटली आणि थेट माझ्यावर पडली. नेमकी तिसऱ्या गाण्यावर. शिंपी असा कळवळला की सून बिचारी रडायला लागली. ओरखडा राहिला. त्या दिवसापासून त्या गाण्यात दर फेऱ्याला एक टिक यायला लागली. हमालाची बाटली वेगळी, कात्रीची टिक वेगळी. पण दोन्ही शेजारी शेजारी नांदायला लागल्या.

मग कॅसेट आल्या, शिंपी गेला, आणि माझे हाल कुत्रा खाईना. माझं कव्हर जाड पुठ्ठ्याचं, ते त्याच्या मुलानं कापून कॉलरचा साचा केला. मी उघडी पडले. काही वर्षं पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून होते, खोटं नाही सांगत. त्यानंतर भंगार, आणि भंगारातून एका जुन्या सामानाच्या दुकानातलं खोकं. तिथं मी मनाशी ठरवलं होतं की झालं आपलं, आता वितळवलं तरी चालेल.

तिथं उंदीर आला. उंदीर म्हणजे माणूसच. विमा कंपनीत कारकून. सुटी मिळाली की जुन्या दुकानांतली खोकी उकरत बसायचा म्हणून त्याच्या बायकोनं हे नाव ठेवलं होतं. छपाई बंद झालेल्या फंक आणि सोलच्या रेकॉर्डी शोधायच्या, त्या नव्यानं काढायच्या, हे त्याचं वेड. माझ्या पोटावरचा फाटका कागद त्यानं वाचला आणि तिथंच फतकल मारली. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बाबा रे, इतकी वर्षं कुठं होतास?

त्यानं गाणारीला शोधून काढलं. ती आता म्हातारी झाली होती. एका कानानं ठार बहिरी, दुसराही चाललेला. सांभाळायला भाची, त्या हमालाचीच मुलगी. ती स्वतः पन्नाशीला टेकलेली, दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसणारी. आत्यानंच तिला वाढवलं होतं. उंदरानं मला पिशवीतून काढलं तेव्हा भाचीनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"यात माझे बाबा आहेत ना, आत्या?"

"आहे ना. तिसऱ्या गाण्यात." आत्या उंदराकडे वळली. "माझा भाऊ आहे हो त्यात. हिनं बापाला कधी ऐकलेलं नाही. माझा हा कान आहे तोवर आम्हा दोघींना एकदा ऐकवा. मला दुसरं काही नको."

"आत्ताच लावा ना," भाची म्हणाली. "शेजाऱ्यांकडे जुना प्लेअर आहे."

"छे छे! जुनी सुई हिला खरवडून काढेल. ही एकच प्रत उरलीय. आधी कॉम्प्युटरवर घेऊ, स्वच्छ करू, मग तुम्हाला नवी कोरी आणून देतो." मग त्यानं विचारायला सुरुवात केली. कुठल्या साली काढली? किती प्रती? छापली कुठं? ट्रंपेट कुणाची? शोधणाऱ्यांची ही एक खोड आहे. जगातलं सगळं विचारतील, पण भाऊ काय वाजवायचा हे काही त्यानं विचारलं नाही. आणि आत्याला वाटलं, इतका जाणकार माणूस, त्याला बाटली काय सांगायची? ऐकेलच की.

मला साउंडवाल्याकडे नेलं. भला माणूस, कामात कसूर नाही. त्यानं मला अंघोळ घातली, मऊ फडक्यानं पुसलं, हलक्या सुईनं वाजवलं. जन्मात कुणी माझी इतकी काळजी घेतली नव्हती. मग तो कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसून आवाजातला एकेक कचरा वेचायला लागला. तिसरं गाणं आलं. "अरे बापरे, ओरखडा आहे इथं. दर फेऱ्याला टिक." आणि टिक खुडता खुडता तो टिणही खुडायला लागला. तालात नाही, ठोक्याच्या मागे पडतेय, म्हणजे घाणच असणार! मी शेजारी दिव्याखाली पडले होते. जीव तुटत होता माझा. अरे, तो माणूस आहे, माणूस! पण सुईशिवाय मला बोलता येतंय कुठं?

उंदीर म्हणाला, "त्यात आजींचा भाऊ आहे म्हणे, जरा जप."

"कोरसमधला जाड आवाज असेल." साउंडवाल्यानं तो आवाज मोठ्या प्रेमानं वर आणला. तो गिटारवाला होता.

नव्या रेकॉर्डी आल्या. चकचकीत, कव्हरवर आत्याचा तरुणपणीचा फोटो. दुपारची वेळ होती. उंदीर आणि साउंडवाला प्लेअर घेऊन घरी आले, पिशवीत मीही होते, मान म्हणून. भाचीनं रजा घेतली होती. आत्या खुर्ची ओढून स्पीकरला कान लावून बसली. तिसरं गाणं सुरू झालं. ड्रम आले, ट्रंपेट आली, तिचा स्वतःचा आवाज आला. भाची श्वास धरून बसली होती. गाणं संपलं.

"छान झालंय," आत्या म्हणाली. मग स्पीकरवरचा कान न काढता, "बाटली कुठंय?"

"कुठली बाटली?"

"अहो, माझा भाऊ! किल्लीनं बाटली वाजवायचा तो. तुम्हाला सांगितलं होतं ना, तो यात आहे म्हणून?"

साउंडवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. उंदीर त्याच्याकडे बघतोय, तो जमिनीकडे. "मला वाटलं ओरखडा आहे," तो कसाबसा म्हणाला. "आजी, एकेक करून मी... माझ्याच हातानं काढली." भाची उठली आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"जुनी लावा," आत्या म्हणाली. "ती घाणेरडीच लावा."

उंदरानं मला बाहेर काढलं. सुई टेकली आणि मी होती नव्हती ती ताकद लावून वाजले. खरखर, कात्रीची टिक, ठोका, आणि मागून, निवांत, टिण. पुन्हा ठोका, पुन्हा टिण. साउंडवाल्यानं डोळे मिटले. भाची खिडकीपासून परत आली, तोंडावर हात, डोळ्यांतून धारा. "आत्या, आले गं बाबा!"

आत्या स्पीकरला कान दाबून बसली होती. "अजून नाही आला."

गाण्यात टिण वाजत होतं, खोलीतल्या सगळ्यांना लख्ख ऐकू येत होतं, आणि आत्या वाट बघत होती. "नाही आला ना? हिच्यातूनही गेला का तो?"

साउंडवाला हळूच भाचीला म्हणाला, "बारीक, उंच आवाज आधी जातात या वयात. ड्रम ऐकू येईल, बाटली नाही येणार." मी किती वाजले तरी उपयोग नव्हता. इतकं हरल्यासारखं मला पिंपावरही वाटलं नव्हतं.

भाचीनं डोळे पुसले. खाली बसली, आत्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याच्यावर एका बोटानं टकटक करायला लागली. ठोका पडून जायचा, आणि मग तिचं बोट. किंचित मागे, दर वेळी. आत्या आधी गोंधळली. मग तिचा चेहरा बदलत गेला.

"हाच!" ती म्हणाली. "मेला असाच उशीर करायचा." आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि भाचीचं बोट काही थांबलं नाही. बापाचा ताल तिनं एकदाच ऐकला होता, तोही अर्ध्या गाण्यात. पण ती एकदाही चुकली नाही.

साउंडवाल्यानं बाटली परत आणली. खुडलेलं प्रत्येक टिण जागच्या जागी बसवलं, नव्या रेकॉर्डी पुन्हा छापल्या, आणि कव्हरवर हमालाचं नाव आलं. कुठं कुठं लोक त्यावर नाचतात म्हणे. नाचोत बापडे.

मी इथंच राहिले, आत्याच्या घरी. उंदरानं चांगली सुई बसवून दिली. भाची दवाखान्यातून आली की रोज मला लावते आणि आत्याचा हात हातात घेऊन बसते. तिसऱ्या गाण्यातल्या माझ्या रेषा आता पुसट होत चालल्यात. उंदीर परवाच तिला सांगत होता, "अहो, ही झिजून जाईल. नवी लावत जा ना, तिच्यात आहेत की बाबा."

भाची म्हणाली, "नव्यात तुम्ही त्यांना बसवलंय. हिच्यात ते स्वतः येऊन बसलेत. झिजली तर झिजू दे."

माझ्या तोंडावर बोलली. पण माझीही काही हरकत नाही. चला, ती आली वाटतं. उठते.