साडेपाच

बुर्गीच्या दुकानात स्की भाड्याने घ्यायला येणारी माणसं खोटं बोलतात. बायका वजनात, पुरुष वयात. बुर्गी रागावत नाही. समोरच्याला एकदा खालून वर न्याहाळते आणि कागदावर आपल्या मनातला आकडा लिहिते. कारण बुटाला स्कीवर धरून ठेवणारी बाइंडिंग त्याच आकड्यावरून कसायची असते. फार कसली तर माणूस पडला तरी बूट सुटत नाही, आणि मग पाय मोडतो. सैल ठेवली तर नको तिथे सुटते.

गिऱ्हाइकांचं निभत होतं. पंचाईत होती ती बापाची.

कासियान चौऱ्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने इन्सब्रुकला आलेल्यांना डोंगरावरून घसरायला शिकवलं, आणि जुन्या पाहुण्यांना अजून तोच लागे. हॅम्बुर्गचे ब्रोडरसन दर जानेवारीत येत. पहिल्या दिवशी जुन्या शहरातलं प्रसिद्ध सोनेरी छप्पर आणि चर्चमधले ते काळे ब्राँझचे राजे. वीस वर्षांत एकही राजा जागचा हलला नव्हता, तरी बघायचे. दुसऱ्या दिवशी कासियानबरोबर पात्शेरकोफेलच्या डोंगरावर. त्याच्या आदल्या दिवशी कासियान आपली स्की खांद्यावर टाकून दुकानात येई आणि म्हणे, "आठ."

आठ हा बाइंडिंग कसण्याचा त्याचा तिशीतला आकडा; आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट. बुर्गीने एकदा समजावून पाहिलं, तर भर दुकानात त्याने ऐकवलं, की तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी आठवर आहे. पुढच्या वर्षी तिच्या ध्यानात आलं, की बाइंडिंगवरच्या खिडकीतला बारीक आकडा म्हाताऱ्याला दिसतच नाही, आणि चष्मा तर तो जन्मात लावणार नाही. तिने गुपचूप साडेपाच लावले आणि स्की त्याच्यापुढे धरली. त्याने डोळे बारीक केले, मान डोलावली. "आठ. आता कसं!"

असे तीन हिवाळे गेले. तो धडधाकट परत आला की बुर्गी मनात हात जोडी, आणि अपराध्यासारखं सूप वाढी.

यंदा दक्षिणेचा गरम वारा सुटला, दुपारी बर्फ ओलं झालं, आणि एका साध्या वळणावर कासियानची डावी स्की सुटली. तो आपटला. मनगट मोडलं, पाय मात्र शाबूत. बुर्गी दुकान तसंच टाकून निघाली, पायथ्याशी ठेवलेली त्याची स्की गाडीत घातली आणि इस्पितळात पोचली. कासियान प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ब्रोडरसनना रंगवून सांगत होता.

"आठवर होती. तरी सुटली. आठ सुटायला काय दणका बसला असेल, विचार करा." मग लेक दिसली. "पुढच्या वर्षी नऊ लाव गं. आणि जा, ती स्की आण वर. यांना आकडा वाचू दे."

बुर्गी खाली आली. अंगावर दुकानातलाच एप्रन, खिशात स्क्रूड्रायव्हर. तिने स्की गाडीच्या टपावर आडवी ठेवली, स्क्रूड्रायव्हरचं टोक बाइंडिंगच्या स्क्रूला लावलं. दोनचार वेढ्यांचं काम. बाप खूश, पाहुणा खूश. आणि पुढच्या वर्षी नऊ. ती नाही म्हणाली तर कोणीतरी लावून देईलच, आणि ते खरोखरचे नऊ असतील.

तिने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

ती स्की घेऊन वर आली. आकडा वाचायला ब्रोडरसननी चष्मा लावला तेवढ्यात ती म्हणाली, "साडेपाच आहे, बाबा. हा चौथा हिवाळा."

ब्रोडरसनना एकाएकी कॉफी हवीशी वाटली. ते गेले.

"म्हणजे गेल्या वर्षीची ती काळ्या खुणेची, सगळ्यात अवघड उतरण..."

"साडेपाचवरच."

"आणि आज पडलो तो त्यामुळेच?"

"ते मला नाही माहीत, बाबा."

खरंच नव्हतं माहीत. डॉक्टरलाही सांगता येईना. आठवर असती तर कदाचित तो पडलाच नसता. कदाचित पाय गेला असता. कासियानने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडेच बघत म्हणाला, "घरी जा. एप्रन तरी काढून यायचंस."

वर्षभर तो रविवारी जेवायला येत राहिला. सुपातल्या गोळ्यांबद्दल बोले, हवेबद्दल बोले. स्कीचा विषय दोघांनीही काढला नाही. जानेवारी आला, ब्रोडरसन आले, आणि डोंगरावर जायच्या आदल्या दिवशी बुर्गीने काचेतून पाहिलं: बाप स्की खांद्यावर घेऊन गल्लीतून चालला होता. दुकानासमोरून गेला, मान वळवली नाही, आणि पुलाजवळच्या विन्झेंझच्या दुकानात शिरला. बावीस वर्षं धंद्यात तिच्याशी चढाओढ करणारा विन्झेंझ.

अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला.

"म्हातारा येऊन गेला तुझा."

"तू नऊ लावून दिलेस?"

"साडेपाच मागितले त्याने. इतकं हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं. वर खिशातून चष्मा काढून स्वतः वाचलं. माझ्यावर भरवसा नाही का, म्हटलं. तर म्हणाला, पोटच्या पोरीवर होता."

बुर्गीने फोन ठेवला. काउंटरपाशी सत्तरीचा एक गृहस्थ उभा होता. वय सांगितलं एकोणपन्नास. तिने पेन उचललं, मग कागद त्याच्याकडे फिरवला.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "पण खरं लिहा."