खिडकीवरचा लाल गोल

माझी बायको आमच्याच दवाखान्यात सिस्टर आहे, आणि गेल्या वर्षापासून तिला सही आहे. सही म्हणजे औषधाच्या चिठ्ठीखालची, जी आजवर फक्त डॉक्टर करायचे. सरकारनं नवी योजना काढली. बाळंतपणाचं काम वर्षानुवर्षं केलेल्या सिस्टरांना आणखी वर्षभर शिकवायचं, परीक्षा घ्यायची, आणि मग गरोदर बायका, रक्तदाबाचे आणि साखरेचे पेशंट त्यांनी स्वतः तपासायचे, औषध स्वतः लिहायचं. गुंतागुंत दिसली तरच डॉक्टर. आमच्या दवाखान्यातून एकटी तिची निवड झाली.

मी त्याच दवाखान्यात खाली औषधाच्या खिडकीत बसतो. फार्मासिस्ट. ती लिहिते आणि मी देतो. आमच्या संसाराचं सध्याचं दुखणं एवढंच आहे.

ती शिकायला परगावी होती तेव्हा लेकीच्या वेण्या मी घातल्या, दूध मी तापवलं, उतूही मीच घालवलं. तेव्हा कुणी पाटी लावली नाही. ती परत आली तर वरच्या मजल्यावरची चादरी ठेवायची खोली रिकामी करून तिला दिली. टेबल, तपासायची खाट, बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र आणि दारावर पितळी पाटी. पाटीवर तिचं नाव, तिच्या परीक्षेचं नाव आणि शेवटी आडनाव. आडनाव तेवढं माझं.

पेशंट तिला 'सहीवाल्या सिस्टर' म्हणायला लागले. मग ओघानं मी सहीवाल्या सिस्टरचे मिस्टर झालो. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मला साधं टोपणनाव मिळालं नव्हतं, मिळालं ते असं.

घरीही तीच गत. पूर्वी मावशीची ॲसिडिटी, मेहुण्याचा खोकला, शेजारच्या काकांचं पोट, सगळे फोन मला यायचे. आताही मलाच येतात, पण "तिला दे ना जरा" म्हणून. परवा आई गुडघा धरून बसली होती. मी म्हटलं, "कुठली गोळी देऊ?" तर म्हणाली, "थांब, ती येऊ दे. तू देतोस रे बाबा, पण ठरवते ती." सख्ख्या आईनं हे म्हणावं! मी आत जाऊन उगाच भांडी आपटली.

आता आमच्या खिडकीची रीत सांगतो. खिडकीत एक लाल पेन असतं. चिठ्ठीत काही खटकलं तर तिथे लाल गोल मारायचा, चिठ्ठी पेशंटबरोबर परत वर पाठवायची, आणि दुरुस्त होऊन आली की खिळ्याला लावून ठेवायची. हा नियम भिंतीवर चिकटवलेला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र गोल मारायचा नाही, हा भिंतीवर न चिकटवलेला नियम. त्यांचं काही चुकलं तर पेशंटला बाकावर बसवायचं, फोन उचलायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "साहेब, एकदा बघता का?" साहेब बघतात. नवी चिठ्ठी येते, जुनी आपण फाडून टाकतो. माझ्या आधीच्या फार्मासिस्टनं ही रीत मला पहिल्याच दिवशी शिकवली, चहा कुठे मिळतो ते सांगायच्याही आधी.

बायकोच्या चिठ्ठ्या यायला लागल्या आणि माझ्या लाल पेनाला जणू तोंड फुटलं. तारीख पुसट आहे, गोल. वय लिहिलं पण वजन राहिलं, गोल. सही रेषेच्या खाली उतरली, गोल. औषध कधी चुकलेलं नसायचं, हे माझ्या डोळ्यात जास्तच खुपायचं. पेशंट जिना चढून जायचे, जिना उतरून यायचे. झाडू मारणाऱ्या मावशी एकदा थांबून म्हणाल्या, "दादा, घरचं भांडण घरी करा की. बायकांचे गुडघे कशाला झिजवता?" मी म्हटलं, "नियम आहे मावशी." त्यांनी नाक मुरडलं आणि माझ्या पायाखालचा केर जरा जोरातच काढला.

बायको मात्र घरी एका शब्दानं बोलली नाही. दुरुस्ती करायची, खाली बारीक सही करायची, परत पाठवायची. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ही सही एक वर्षाच्या बोलीवर होती. सोमवारी वरून समिती येणार होती. ती खिळ्यावरच्या चिठ्ठ्या बघणार आणि सही ठेवायची की काढून घ्यायची ते ठरवणार. काढून घेतली तर पाटी उतरणार, खोलीत पुन्हा चादरी जाणार आणि बायको ट्रे घेऊन डॉक्टरांच्या मागे वॉर्डात फिरणार. तसं व्हावं असं मला वाटत होतं का? सकाळी चहा घेताना वाटायचं नाही. पाटी दिसली की वाटायचं.

त्याआधीच्या शुक्रवारी सासू-सुनेची जोडी खिडकीवर आली. दोघींनाही रक्तदाब, दोघींचं आडनाव अर्थात एकच. सून सात महिन्यांची पोटुशी. तिनं चिठ्ठी पुढे केली. मी गोळीचं नाव वाचलं, पोटाकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. ही गोळी गरोदर बाईला द्यायचीच नसते, बाळाला घातक असते. सासूची चिठ्ठी मागून घेतली, तर सुनेची गोळी तिच्या चिठ्ठीवर. दोघी शेजारी शेजारी बसल्या असणार, एकमेकींच्या मध्ये बोलत असणार, आणि हिनं एकीचं दुसरीवर लिहिलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अंगावरून गार वारं गेल्यासारखं वाटलं. सापडली!

आता हात लाल पेनाकडे जायला हवा होता. तो फोनकडे गेला. प्रेमापोटी गेला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं म्हणजे सवयीनं गेला, इतकी वर्षं औषध चुकलेलं दिसलं की डॉक्टरांना फोनच करत आलो होतो. आणि फोन उचलता उचलता दुसरंही मनात आलं, की आता हिला मी वाचवणार, आणि हे मला जन्मभर ऐकवता येणार. आईसमोरसुद्धा.

मी दोघींना बाकावर बसवलं, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "सिस्टर, एकदा बघता का?"

काय झालं ते तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आलेच."

ती जिना उतरून स्वतः आली. चेहरा उतरला होता. आधी ती बाकापाशी गेली, सुनेचा हात हातात घेतला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक माझी झाली. तुमच्या सासूबाईंची गोळी मी तुमच्या चिठ्ठीवर लिहिली. तुम्ही अजून एकही घेतलेली नाही, बाळाला काही झालेलं नाही. पण चूक माझी." सासू म्हणाली, "असू दे हो, आम्हीच कलकल करत होतो." ती म्हणाली, "तरी माझीच."

मग खिडकीशी येऊन तिनं दोन्ही चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. "गोल मारा."

"अगं, हळू बोल," मी कुजबुजलो. "नव्या लिहून दे, या मी फाडतो. सोमवारी समिती आहे, कळतंय ना? सही जाईल."

"जाऊ दे. गोल मारा."

"मी तुला वाचवतोय!"

"अहो, माझी तारीख पुसट झाली तर गोल, आणि औषध चुकलं तर फोन?" ती म्हणाली. "मग तो गोल कशासाठी आहे?"

मागून रांग ऐकत होती, मावशी तर झाडूवर रेलून उभ्या होत्या. बायकोनं खिडकीतून हात घालून माझं लाल पेन घेतलं, दोन्ही चिठ्ठ्यांवर स्वतःच गोल काढले, खाली दुरुस्ती लिहिली, सही केली, आणि पेन मला परत दिलं. गोल इतके वाटोळे की मला कधी जमले नव्हते.

त्या रात्री ती जेवली नाही. शनिवारी, रविवारीही नीट जेवली नाही. मी "होईल सगळं ठीक" म्हणालो, आणि मलाच माझा आवाज परका वाटला.

सोमवारी समिती बसली. मधोमध अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी आमचे मोठे डॉक्टर. बायको एका टोकाला उभी, मी दुसऱ्या. अध्यक्षबाईंनी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून चाळल्या. तारीख, वजन, रेष. मग त्या दोन चिठ्ठ्यांवर थांबल्या.

"हा गोल कुणी मारला?"

"मीच," बायको म्हणाली, आणि झालेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलंही नाही.

मोठे डॉक्टर हलकेच हसले. "म्हणूनच मी म्हणत होतो. बघा, सगळे गोल यांच्याच चिठ्ठ्यांवर. आमच्या एकाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोल नाही."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "खरंच का? वर्षभरात डॉक्टरांची एकही चूक नाही?"

एक 'हो' म्हटलं असतं तर पाटी उतरली असती. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्याच हाताखाली मला निवृत्तीपर्यंत बसायचं होतं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्याकडून तिनं कसलीच अपेक्षा धरलेली नव्हती, हे मला त्या पाठमोऱ्या मानेवरून कळलं, आणि ते फार लागलं.

"साहेब," मी म्हटलं. अध्यक्षबाईंनाही साहेबच म्हटलं, जिभेला तेवढंच येत होतं. "त्यांना मी फोन करतो."

"म्हणजे?"

"त्यांच्या चुकलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकतो."

मोठे डॉक्टर वर पंख्याकडे बघू लागले.

सही राहिली. शिवाय आठवड्याभरात हुकूम आला की यापुढे गोल सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर मारायचा, फोन नाही. घरी आईनं सुनेची दृष्ट काढल्यासारखे तिच्या गालावरून हात फिरवले. मला म्हणाली, "तूही बोललास म्हणे काहीतरी."

हुकमाच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना गोळी दुप्पट लिहिलेली. मी फोन उचलला, खाली ठेवला, आणि लाल पेन घेतलं. गोल वेडावाकडा आला, अंड्यासारखा, शेवटी जुळलाच नाही. गृहस्थ चिठ्ठी घेऊन जिना चढायला लागले, आणि मला त्या शुक्रवारी खिडकीतून आत आलेला हात आठवला. स्वतःच्याच चुकीवर गोल काढताना तिचा हात जराही हलला नव्हता.

पाटी दिली, खोली दिली, सही दिली, ते सगळं मी एखाद्या दिवशी गिळेनही. पण तो हात तिला कुणी दिला? मी पेनाला टोपण घातलं, पुढच्या पेशंटची चिठ्ठी घेतली, आणि मनातल्या मनात बायकोवर जळत राहिलो.