अकरा तारखेचं यंत्र

ताश्कंदच्या आमच्या कारखान्यात कापूस वेचायची यंत्रं बनत. बनत म्हणजे काय, महिन्याचे पहिले वीस दिवस सुटे भाग तुरळकच यायचे, सावकाश चार-दोन यंत्रं व्हायची. आम्ही चहा ढोसायचो, पुरुषमंडळी बुद्धिबळ खेळायची. मग जवळजवळ अख्ख्या महिन्याचं लक्ष्य उरलेल्या दहा दिवसांत गाठायला झुंबड. स्क्रू पिळायला सवड कुणाला? हातोड्याने ठोकायचे. सगळ्यांना ठाऊक, सगळे गप्प.

झेबुनिसो आपाला गप्प बसवेना. ती आमची संख्याशास्त्रज्ञ, मी तिच्या शेजारी बसून आराखडे काढायची. मॉस्कोत शिकलेली ही हुशार बाई, पण साहेबांनी तिला उभी हयात टक्केवाऱ्यांना जुंपलेली. तिचा धाकटा भाऊ एशमुरोद फर्गान्याकडे सामूहिक शेतावर हेच यंत्र चालवायचा. तिचा जीव त्याच्यात अडकलेला. म्हणून तिने शेताशेतावरच्या तक्रारी मागवून आलेख मांडला. ब्रेक निकामी झालेली बहुतेक यंत्रं महिनाअखेरची निघाली.

"नवं यंत्र आलं की आधी त्याच्यावर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीवरची तारीख बघ," तिने भावाला बजावलं. "दहा-बारा तारखेचं असेल तरच बस."

"आपा, कारखान्यात आहेस की ज्योतिष सांगतेस?" तो हसला. पण तिचा शब्द मोडायचा नाही. तिनेच वाढवलं होतं त्याला.

मग ती आलेख घेऊन डायरेक्टर रिख्सीबायेवकडे गेली. मीही सोबत होते.

"आका, निदान ब्रेक तरी घाईत बसवू नका. माणसं मरतील."

"आणि लक्ष्य कोण गाठणार, तुझा आलेख? जा, चहा पी."

आलेख मात्र त्याला झोंबला. हा कागद मंत्रालयात गेला तर खुर्ची जाईल, एवढं गणित त्यालाही येत होतं. त्याने पट्ट्या ठोकणाऱ्याला गुपचूप हुकूम दिला: यापुढे तारखा महिनाभर पसरून टाक. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! घाई तशीच, ब्रेक तसेच, फक्त तारखा शहाण्या झाल्या. आम्हाला तेव्हा याचा पत्ताही लागला नाही.

त्या शरदात एशमुरोदचं यंत्र उतारावरून सुटलं आणि कालव्यात उलटलं. तो खालीच सापडला.

आम्ही गावी पोचलो. आपा आधी यंत्राकडे गेली. पट्टीवर अकरा तारीख होती. तिने खालचा क्रमांक वाचला. ते क्रमांक यंत्र तयार होईल तसे पडायचे, आणि हा महिन्यातल्या अगदी शेवटच्यांपैकी होता. तिला क्षणात सगळं कळलं.

रिख्सीबायेवही सांत्वनाला आला होता. फाटकाशी तिला गाठून, कुणी ऐकत नाही असं समजून म्हणाला, "अकरा तारखेचं होतं म्हणे. तुझं शास्त्र काही खरं नाही, झेबुनिसो."

मेल्याची जीभ कशी झडली नाही!

आत बायकांत भावजय ओयदिन बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने आपाचा हात हातात घेतला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त वाईट.

"आपा, दोन यंत्रं आली होती हो. एक अठ्ठावीस तारखेचं. ते शेजारच्या तोख्तासिनला दिलं, अजून धडधाकट चालतंय. यांनी मुद्दाम भांडून हे घेतलं. म्हणाले, माझ्या आपाने सांगितलंय."