लुआंग फोंच्या साखरेचा आकडा

जिल्ह्याच्या इस्पितळात लुआंग फोंच्या डाव्या पायाचा अंगठा कापला. हे घडलेलं नाही. आमच्या बाजारात कुणालाही विचारा: लुआंग फो प्रवचनाला बाहेरगावी गेलेत, येतील.

लुआंग फो म्हणजे आमच्या विहाराचे मुख्य भिक्खू. आणि माझ्या आईची बाजारात थंड चहाची गाडी आहे. चक्रफूल-वेलदोडा घातलेली लालभडक पत्ती, आटवलेलं गोड दूध, बर्फ, पिशवी, रबर, नळी. आमचं फेचबुरी म्हणजे थायलंडातलं ताडगुळाचं गाव. इथं फिका चहा मागणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात.

बाबा मधुमेहानं गेले. शेवटचं वर्षभर आईनं त्यांना बिनसाखरेचा चहा पाजला, कारण गावची आरोग्यसेविका लमदुआनताई हिनं तसं बजावलं होतं. गेल्यानंतर बाबा आईच्या स्वप्नात आले, रिकामी नळी ओढत. म्हणाले, "साइयुत, तहान लागलीय."

मेलेल्याला काही पोचवायचं तर ते भिक्खूच्या पात्रात घालायचं. दुसऱ्या सकाळपासून गोड चहाची एक पिशवी रोज लुआंग फोंच्या पात्रात पडू लागली.

लमदुआनताई गाडीवर आली. "साइयुत, लुआंग फोंची साखर वाढलीय. तुझ्या पिशवीत चहा नावाला, बाकी सगळी साखर. चक्रफूल घातलं म्हणून औषध होत नाही त्याचं."

"मी कुठं औषध विकते? पाटी वाच."

"पात्रात पडेल ते त्यांना घ्यावं लागतं."

"घ्यावं लागतं. प्यावं लागत नाही."

"तुझ्या नवऱ्याला पोचावं म्हणून पितात ते, बये! बुनल्यांगच्या वेळी मी सांगितलं तेव्हा..."

"तेव्हा ऐकलं मी! वर्षभर फिकं पाणी प्यायला आणि तहानलेला मेला. आता लांब उभी राहा, तुझी सावली दुधात पडतेय."

ताई लांब उभी राहिली नाही, साखर मोजायचं यंत्र घेऊन थेट विहारात गेली. बाईनं भिक्खूला शिवायचं नसतं, म्हणून ती चार हातांवरून ओरडायची आणि सुई मी टोचायची.

"मू, बोटाच्या कडेला! कडेला म्हटलं, गाढवा!"

"ताई, लुआंग फोंसमोर शिव्या?"

लुआंग फो म्हणाले, "टोच रे. गाढवालाही पुण्य लागतं."

तीनशे शहाऐंशी. लोक घाबरावेत म्हणून ताईनं आकडा बाजारभर ओरडून सांगितला. लोक घाबरले नाहीत. त्यांनी लॉटरीवाल्याला गाठलं.

सोडतीत तीनशे शहाऐंशी आला.

बाबा जिवंत असताना ज्यांनी त्यांच्या नमस्काराला मान हलवली नव्हती, ते सगळे दुसऱ्या सकाळी त्यांच्या तहानेसाठी गोड चहाच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे. मासळीवाली, न्हावी, न्हाव्याची सासू. लुआंग फो चालू लागले की पात्र डचमळायचं.

ताई रांगेशेजारून ओरडत होती, "मेल्यांनो, साखर उतरली तरी आकडा येतोच की!"

"उतरलेल्या आकड्यावर पैसे कोण लावतं, ताई?" न्हावी म्हणाला.

मग लुआंग फोंचा अंगठा काळा पडला. आई विहारात जाऊन बसली. "लुआंग फो, गोड बंद करू का?"

त्यांनी पाय चीवराखाली ओढून घेतला. "भिक्खूनं काही मागायचं नसतं, साइयुत. पण एवढा तर बुनल्यांग जिवंतपणीही पीत नव्हता."

दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी बिनसाखरेची भरली. त्याच रात्री बाबांनी ती स्वप्नात तिच्या अंगावर फेकली. "पुन्हा तिचंच ऐकलंस?"

सकाळी आईनं दुधाचा डबा पिशवीवर उपडा केला, थांबली, आणि परत उपडा केला.

"आई, त्यांचा पाय..."

"तुझा बाप तहानलेला आहे. तू गप्प बस."

परवा लमदुआनताई गाडीवर आली. पहिल्यांदाच ओरडली नाही. "अंगठा गेला त्यांचा."

"कुठला अंगठा?" आई म्हणाली आणि गाळणीचं कापड पिळत राहिली. सगळा बाजार आपापल्या कामाला लागला. फक्त न्हाव्यानं हळूच विचारलं, "खाट नंबर किती?"

आज आईनं परत पत्ती उकळायला ठेवली आहे. दुधाचे डबे नवे आणले आहेत. म्हणून हा अर्ज.

प्रति,
कै. बुनल्यांग, मुक्काम अज्ञात.
विषय: तहानेबाबत.

महोदय, लुआंग फोंच्या पायांची उरलेली नऊ बोटे विचारात घेता, आपण पुढील खेपेस साइयुत यांच्या स्वप्नात समक्ष हजर राहावे. त्यांच्या हातचा फिका चहा आपण वर्षभर आवडीने प्यायलात व तहान तेव्हाच भागली होती, असे त्यांना तोंडी कळवावे. वाटेत न्हावी भेटल्यास कोणताही आकडा देऊ नये, ही विनंती.