आठ सिलिंडरची वरात

निवृत्ती मिस्त्रीच्या मते जळगाव जामोदात अक्कल असलेला माणूस एकच होता, आणि तो त्याला दाढी करताना आरशात भेटायचा. बाकीचे सगळे सायकलच्या चाकात हवा भरायच्या लायकीचे.

त्याचा तोरा अगदीच फुकटचा नव्हता. सातपुड्यापलीकडच्या एका संस्थानिकाच्या गराजमध्ये त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. संस्थान बुडालं, राजाची शर्यतीची आठ सिलिंडरची मोटार विकायला निघाली. ती पंजाबराव पाटलांनी घेतली आणि तिच्या मागोमाग निवृत्तीही डोंगर उतरून आला. महाराष्ट्र नवा नवा होता, जो तो पुढारी जीपच्या मागे लागला होता, आणि पाटलांच्या दारात मात्र ही लांबलचक लाल मोटार. नांदुऱ्याच्या रस्त्यावर पहाटे निवृत्ती तिला मोकळी सोडायचा. तेव्हा इंजिनातून जो आवाज उठे, त्याच्यावर त्याचा जीव होता. ना बायको, ना पोर. होता तो तेवढा आवाज.

पाटलांना आवाजाशी काय घेणं! त्यांना मोटार हवी होती वरातीसाठी. भावकीत लग्न कुणाचंही असो, नवरदेव पाटलांच्याच मोटारीत मिरवायचा. शंभर मैलांनी पळायला जन्मलेलं इंजिन भर वैशाखात बँडवाल्यांच्या मागे मुंगीच्या पावलानं सरकायचं. शेवटी व्हायचं तेच झालं. वेशीत नाचणारे हटेनात, पाणी उकळलं, झाकणाखालून वाफेचा लोट उठला. निवृत्ती बॉनेट उघडून नाचणाऱ्यांना शिव्या घालायला पुढे गेला, तेवढ्यात पाटलांचे मेहुणे इंद्रभानजी विहिरीच्या गार पाण्याचा हंडा घेऊन धावले आणि ऊन लागलेल्या माणसाच्या डोक्यावर ओततात तसा अख्खा हंडा त्यांनी इंजिनावर रिकामा केला. ताडकन आवाज झाला आणि इंजिनाच्या ओतीव लोखंडी ब्लॉकला हातभर तडा गेला.

"पाहा, थंडं झालं!" इंद्रभानजी म्हणाले.

आता इंजिन अंगणात उघडं पडलं होतं, आणि दोघे साले-मेहुणे बाजेवर बसून त्याचं काय करायचं ते ठरवत होते. पाटलांच्या थोरल्याचं लग्न तोंडावर आलेलं.

"नवा ब्लॉक पाह्यजे, विलायतेतून," निवृत्ती गुरगुरला.

"परवाना भेटत नाही त्याचा," पंजाबराव शांतपणे म्हणाले. "अकोल्याचा एक कारागीर आहे. तांब्याचे स्क्रू बसवून तडा शिवून देतो म्हणते. जाड गास्केट टाकू, मोठा पंखा लावू. ताकद कमी होईन, पण तापणार नाही."

बेत बिनचूक होता. निवृत्तीला ते कळत होतं आणि म्हणूनच त्याचं डोकं फिरलं. शिवलेलं इंजिन चाललं असतं, पण पळालं नसतं.

"तांब्यानं शिवाले हे काय फुटकं घंगाळ आहे?"

"काऊन बे," इंद्रभानजी म्हणाले, "वरातीत काय शर्यत लावाची आहे तुले?"

"तुम्ही तर बोलूच नका. हंडा भरला तवा अक्कल विहिरीतच राह्यली तुमची."

पंजाबरावांनी मेहुण्याचा हात दाबून त्याला बसवलं. "निवृत्ती, तुझ्याच हातानं बसव. तू फक्त हाव म्हण. मले मोटार चालती पाह्यजे, बस."

मालक इतका नमला होता. एक होकार, आणि इंजिन जगलं असतं. पण निवृत्ती पचकन थुंकला. "तशीच चालवाची तर इंजिन कायले पाह्यजे? दोन बैल जुंपा अन् हाका!"

पाटील चिडले असते तर बरं झालं असतं. ते विचारात पडले.

निवृत्ती रुसून खोलीत जाऊन पडला. येतील झक मारत पाय धरायला, अशी त्याची खात्री. दुसऱ्या दिवशी अंगणात घणाचे घाव ऐकू आले तेव्हा तो उघड्या अंगानंच धावला. खामगावच्या भंगारवाल्याची माणसं ब्लॉक फोडत होती. अख्खा उचलवत नव्हता म्हणून.

"थांबा! शिवतो मी! तांब्यानं शिवतो, मालक!"

"आता कायचं शिवतं, निवृत्ती?" पंजाबराव म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं. "तूच त म्हटलं होतं."

लग्नाच्या दिवशी मोटारीला पाटलांची पांढरी जोडी जुंपली. शिंगांना गोंडे, बॉनेटवर झेंडूच्या माळा. लोक खूश, इंद्रभानजी तर बँडपुढे नाचत सुटले. स्टिअरिंगवर माणूस लागतोच, आणि आपण नाही तर इंद्रभानजी बसणार, हे कळल्यावर निवृत्ती मुकाट्यानं बसला. त्याचा पाय सवयीनं पुन्हा पुन्हा अॅक्सिलरेटरवर जात होता. शिवलेल्या, दमेकरी, लंगड्या इंजिनाचा धुगधुग आवाज जरी आता ऐकू आला असता तरी त्यानं कुणाचेही पाय धरले असते.

मारुतीच्या देवळापाशी उतार लागला. मोटार आपल्या वजनानं पुढे रेटू लागली.

"ब्रेक दाब, निवृत्ती!" पाटील मागून ओरडले. "बैलाइच्या अंगावर जाईन!"

निवृत्तीनं ब्रेक दाबला.