बारा वाजता झोपणारा ध्रुव

बाजारामागच्या जुन्या गोदामापुढे सकाळी दहालाच रस्ता बंद झाला होता. भर उन्हाळ्यात आतून बाहेर पडणारी माणसं दात वाजवत येत होती. नाक लाल, बोटं निळसर, डोळ्यांत पाणी. "ध्रुवावर जाऊन आलो हो!" असं म्हणत एक गृहस्थ रांगेतल्या प्रत्येकाला आपला हात धरायला देत होते. हात खरंच गार पडलेला होता. धरणारा "अरे बाप रे" म्हणे आणि रांग आणखी चार पावलं पुढे रेटली जाई.

कर्ण्यातून बाबाचा चेला ओरडत होता, "पंचवीस पावलांत विषुववृत्त ते ध्रुव! कटिबंधबाबा श्वास रोखतात आणि पृथ्वीचे पट्टे इथे चालत येतात! प्रत्येक पट्ट्यात एकेक रोग गळतो! औषधं विषुववृत्तावर सोडा!"

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीचे पट्टे चालत येतात हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही मी रांगेत उभी होते, कारण माझ्या पुढे माझा धाकटा भाऊ उभा होता आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

भावाची बेकरी आहे. तीस वर्षं पिठाच्या धुरळ्यात उभं राहून त्याला दमा लागला. डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले होते, एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि एक धाप लागली तर. दोन आठवड्यांपूर्वी त्याने दोन्ही बाबाच्या औषधं सोडायच्या पेटीत टाकले. कालच डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "रोजचा पंप बंद करून हा माणूस गरम दमट हवेतून एकदम कडाक्याच्या थंडीत जातोय. एखाद्या दिवशी श्वासनळ्या अशा आवळतील की सुटायच्या नाहीत." मी धापेचा नवा पंप पर्समध्ये टाकला आणि त्याच्याबरोबर आले.

"ताई, तो पंप बाहेर काढू नकोस हं," तो म्हणाला. "आज पंधरावा दिवस. एकविसाव्या दिवशी दमा मुळासकट जातो म्हणतात."

"एकविसाव्या दिवशी तूच मुळासकट जाशील."

"तुझं आपलं काहीतरीच." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

आमच्या मागे त्याच्या बेकरीसमोर कपडे शिवणाऱ्या बाई होत्या. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी आठ दिवसांपूर्वी पेटीत टाकल्या होत्या. आज नवऱ्याच्या वतीने त्या चालणार होत्या. "परवापासून यांचा उजवा हात उचलत नाही," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणतात, रोग निघताना ताणतो." मी त्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जा आणि त्यांना दवाखान्यात न्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या भावाकडे पाहिलं आणि त्या रांगेतच राहिल्या.

पहिली खोली विषुववृत्त. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, कुंड्यांत रुंद पानांची झाडं, छताच्या भोकांतून वाफ आणि कोपऱ्यातल्या डब्यातून ढगांचा गडगडाट. मधोमध कटिबंधबाबा. पांढरा पायघोळ अंगरखा, गळ्यात होकायंत्र आणि काखेत पृथ्वीगोल.

"विषुववृत्तीय प्रदेश!" बाबा गरजले. "वर्षभर उष्ण व दमट हवा! दररोज दुपारी आरोह पर्जन्य! घनदाट सदाहरित वने!"

आणि पन्नास माणसांनी डोळे मिटून री ओढली, "घनदाट सदाहरित वने!"

ही वाक्यं माझी होती. मी ती फळ्यावर लिहायची, वर्ग वहीत उतरवायचा आणि परीक्षेत तशीच्या तशी ओकणाऱ्याला मी पैकीच्या पैकी गुण द्यायची. त्या खोलीत माझे निदान दहा विद्यार्थी होते. पाऊस रोज दुपारीच का, हे त्यांच्यातल्या एकानेही कधी विचारलं नव्हतं आणि मीही त्यांना विचारायला लावलं नव्हतं. सकाळच्या उन्हाने जमीन तापते, ओली हवा वर चढते, वर जाऊन गार होते आणि तिचं पाणी होतं. सांगायला पाच मिनिटं लागली असती. बाबाचा राग आला होताच, आता स्वतःचाही आला.

दुसरी खोली वाळवंट. पायाखाली रेती, एका भिंतीतल्या जाळीतून गरम हवेचा झोत. मी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि तो जाळीशेजारच्या खिळ्याला अडकवला. बाबाचं प्रवचन दहा मिनिटं चाललं. रुमाल होता तसाच ओला.

"बाबा, हे कसलं वाळवंट?" मी विचारलं. "वाळवंटातली हवा कोरडी असते, म्हणून ते वाळवंट. तिथे एवढ्या वेळात रुमाल कडकडीत वाळायला हवा. तुमच्या शेजारच्या विषुववृत्ताची वाफ दाराखालून येतेय."

"तुमच्या मनातला ओलावा आहे तो, बाई," बाबा हसले. खोली खदखदून हसली.

"आणि इथली रात्र कुठाय? वाळवंट दिवसा भाजतं आणि रात्री गारठतं, कारण उष्णता अडवायला वर ढग नसतात."

"संशयी माणसाला सगळीकडे रात्रच दिसते!" पुन्हा हशा. माझा एक जुना विद्यार्थी खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ द्या ना बाई, लोकांना बरं वाटतंय." मला त्याची वही आठवली. अक्षर मोत्यासारखं होतं आणि आत एकही प्रश्न नव्हता.

तिसरी खोली समशीतोष्ण कटिबंध. उन्हाळा सौम्य, हिवाळा सौम्य, चार ऋतू, वगैरे. इथे सगळ्यांना फार छान वाटत होतं. वाटणारच, कारण ती नुसती खोली होती आणि तिची खिडकी उघडी होती. भाऊ त्या खिडकीपाशी वाकून उभा राहिला. त्याचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. मी पंप पुढे केला, त्याने मान फिरवली.

शेवटचं दार जाड होतं. आत ध्रुव. पांढऱ्या भिंती, समोर छतापासून जमिनीपर्यंत पांढरा पडदा आणि त्यामागून येणारं बोचरं वारं. प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघाली आणि लोकांना हुंदके फुटले.

"सहा महिने दिवस, सहा महिने रात्र!" बाबा म्हणाले. "इथे ध्रुवदेव दर सहा तासांनी पंचवीस मिनिटं निद्रा घेतात. बारा वाजत आले. चला, सगळे बाहेर! निद्रेत कोणी थांबायचं नाही!"

लोक निघाले. भाऊ निघाला नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला होता. ओठ निळे पडले होते आणि छातीतली शिट्टी थांबली होती. शिट्टी थांबणं हे वाजण्यापेक्षा वाईट, हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगून ठेवलं होतं.

मी पंप काढला. बाबाने माझं मनगट धरलं. "इथे औषध चालणार नाही! ध्रुव कोपेल!"

"हात सोड, नाही तर तुझ्या टाळक्यात तुझाच पृथ्वीगोल घालीन," मी ओरडले. एकतीस वर्षांत वर्गावरसुद्धा मी अशी ओरडले नव्हते. बाबाचा हात सुटला. मी भावाच्या तोंडात पंप धरला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे थांबत थांबत चार वेळा दाबला. बाहेर निघालेली माणसं दारातून मागे वळली.

बारा वाजले. वारं बंद पडलं. त्या शांततेत पडद्यामागून टिक असा आवाज आला आणि मग थेंब पडायला लागले. टप, टप, टप.

भावाची छाती हलली. पुन्हा शिट्टी वाजली आणि मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. थोड्या वेळाने तो भिंत धरून उठला, सरळ पडद्यापाशी गेला आणि त्याने पडदा ओढून खाली पाडला.

मागे लोखंडी चौकटीत नळ्यांची जाळी होती आणि तिच्यापुढे बंद पडलेले तीन पंखे. नळ्यांवरचा बर्फ वितळून खालच्या तबकात गळत होता.

"डीफ्रॉस्ट," भाऊ म्हणाला. एकेक शब्द तो तोडत होता. "माझ्या लोण्याच्या थंड खोलीत हेच मशीन आहे. नळ्यांवर बर्फ साचतो. तो वितळवायला मशीन दर सहा तासांनी आपोआप थांबतं. ध्रुवदेव झोपत नाही. टायमर लावलाय."

मग त्याने कोपऱ्यातला पाइप दाखवला. "आणि हा वाळवंटात जातो. इथली उष्णता मशीन ओढून घेतं, ती कुठेतरी टाकावी लागते. ती पलीकडच्या जाळीतून टाकतात. जा, बघा, आत्ता तिथली गरम हवापण बंद असेल."

दोघेतिघे धावत गेले आणि परत येऊन म्हणाले, बंद आहे. एका मशीनच्या दोन बाजू होत्या त्या. एकीला ध्रुव म्हणत होते, दुसरीला वाळवंट. विषुववृत्त म्हणजे भिंतीमागचा पाणी उकळायचा बंब. खरा ध्रुव थंड असतो तो तिथे सूर्याचे किरण तिरपे पडतात म्हणून. त्याला टायमर लागत नाही.

"यंत्र तर निमित्त आहे," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजातली हवा गेली होती. ते मागच्या दाराने निघाले तेव्हा लोकांनी त्यांना अडवलं आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला. मला तिकडे बघायचंही नव्हतं.

"काय रे," मी भावाला विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी. बाराला बाहेर पडताना तो टिक आवाज आला, तो मी झोपेतही ओळखतो, ताई. पण सगळे रडत होते. मी बोललो असतो तर मला येडा ठरवलं असतं. आणि मलाही वाटत होतं की हे खरं असावं."

कपडे शिवणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या ओरडल्या नाहीत.

"दादा," त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. तुमच्या बेकरीत थंड खोली आहे, मी पाहिली आहे. मी म्हटलं, खोटं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही गप्प होता, म्हणून मी यांच्या गोळ्या टाकल्या."

त्यांचा नवरा त्याच दुपारी दवाखान्यात गेला. उजवी बाजू गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, परवाच आणलं असतं तर काही करता आलं असतं.

म्हणून हे लिहिते आहे, आणि रागाने लिहिते आहे. बाबा लबाड होता, त्याचं काय ते कोर्ट बघेल. माझं सांगणं तुम्हाला आहे. तुमचं एखादं काम असतं, त्यातलं तुम्हाला नेमकं कळतं. कुणाला यंत्र कळतं, कुणाला औषध, कुणाला हवा. चमत्कार म्हणून दाखवलेल्या गोष्टीत तुमच्या ओळखीचं काही दिसलं, तर तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोला. चुकलात तर लोक हसतील, त्याने कुणी मरत नाही. तुमच्या मागे रांगेत कुणीतरी उभं असतं, हातात गोळ्या घेऊन, आणि ते बाबाकडे नाही, तुमच्याकडे बघत असतं.